लाकडी सांगाड्याचे ‘लिस्टेड’ घर घेण्यापूर्वी : हेरफर्डशायरमधून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या हेरफर्डशायर या ग्रामीण परगण्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेले एक मराठी दांपत्य पेंब्रिज गावाजवळ सतराव्या शतकातले लाकडी सांगाड्याचे घर विकत घेण्याच्या विचारात आहे. घर ‘ग्रेड टू लिस्टेड’ आहे, म्हणजे जतन करण्याजोग्या इमारतींच्या राष्ट्रीय यादीत दुसऱ्या श्रेणीत नोंदलेले आहे. मागच्या आवारात हॉप (बिअरमध्ये घालतात ती फुले) सुकवण्याची जुनी भट्टी आहे. आधीच्या कोणा मालकाने मागच्या अंगाला प्लास्टिकच्या चौकटींच्या खिडक्या बसवल्या आहेत आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आहे. स्वयंपाकघर वाढवता येईल का, खिडक्यांना दुहेरी काचा बसवता येतील का, आणि भारतात संरक्षित स्मारकाभोवती असते तशी शंभर मीटरची बंदी इथे लागू होते का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. या भागातील जुन्या घरांची पाहणी आणि दुरुस्तीचा सल्ला हाच माझा व्यवसाय असल्याने उत्तर जरा सविस्तर देतो. या तीन प्रश्नांहून महत्त्वाचा असा एक चौथा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही, त्याला मी अधिक जागा देणार आहे.

शंभर मीटरच्या बंदीचा प्रश्न आधी संपवू. भारतात १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र असते. इंग्लंडमध्ये त्या कायद्याच्या जवळची व्यवस्था म्हणजे ‘शेड्यूल्ड मॉन्युमेंट’ची. तिचा उगम १८८२ च्या कायद्यात आहे आणि ती मुख्यतः भग्नावशेष, प्राचीन टेकाडे, पडके किल्ले अशा वास्तूंना लागू होते. राहत्या घरांचे ‘लिस्टिंग’ ही निराळी गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांतून ती सुरू झाली आणि आज ती १९९० च्या स्वतंत्र कायद्याखाली चालते. वापरात असलेली इमारत वापरात राहावी, मात्र तिचे वैशिष्ट्य कोणी न विचारता पुसून टाकू नये, एवढाच तिचा हेतू आहे. त्यामुळे इथे मोजपट्टीने आखलेले वर्तुळ नाही. शेजारच्या शेतात नवे बांधकाम होणार असेल, तर लिस्टेड इमारतीच्या परिसराला त्याने बाधा येते का, याचा विशेष विचार करण्याचे बंधन कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक प्रशासनावर असते, आणि तो विचार प्रत्येक प्रकरणात वेगळा होतो. मराठी वाचकाला ओळखीचे उदाहरण द्यायचे तर ही व्यवस्था पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांपेक्षा मुंबईच्या १९९५ च्या हेरिटेज नियमावलीतील श्रेणीबद्ध इमारतींच्या अधिक जवळ आहे.

श्रेणी तीन आहेत. ग्रेड वनमध्ये सुमारे अडीच टक्के इमारती येतात. याच परगण्यातले किलपेकचे बाराव्या शतकातले, दगडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध असलेले चर्च त्यांपैकी एक आहे. ग्रेड टू-स्टारमध्ये सहा टक्क्यांहून थोड्या कमी, आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती ग्रेड टूमध्ये असतात. १७०० पूर्वीची आणि मूळ बांधणी बऱ्याच अंशी टिकलेली इमारत असेल, तर ती यादीत असणार असे गृहीत धरायला हरकत नाही. म्हणून पेंब्रिज, वीओब्ली, अर्डिस्लंड या काळे लाकूड आणि पांढऱ्या भिंती यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावांत एखाद्या रस्त्यावरची जवळजवळ सगळी घरे यादीत असलेली आढळतात.

‘ग्रेड टू म्हणजे फक्त दर्शनी भाग संरक्षित’ हे वाक्य मी विक्रेत्यांकडून, दलालांकडून आणि क्वचित सॉलिसिटरकडूनही ऐकले आहे. ते साफ चुकीचे आहे. श्रेणी कोणतीही असो, संरक्षण संपूर्ण इमारतीला असते, आतून आणि बाहेरून. जिना, फळ्यांची भुई, चुलीवरची तुळई, भिंतीत बसवलेले कपाट, जुने बिजागरसुद्धा त्यात आले. या गैरसमजाचे मूळ यादीतील नोंदींत आहे. जुन्या नोंदी अनेकदा रस्त्यावरून घर पाहून लिहिलेल्या आहेत. ‘लाकडी सांगाडा, पुढे विटांची चिमणी, स्लेटचे छप्पर’ अशा चार ओळी असतात आणि आतल्या भागाचा उल्लेखही नसतो. ती नोंद इमारत ओळखण्यापुरती आहे. नोंदीत जिन्याचा उल्लेख नाही म्हणून जिना काढता येतो, असा अर्थ कोणी काढू नये. २०१३ च्या कायद्यानंतर केलेल्या नव्या नोंदींत अमुक भागाला विशेष महत्त्व नाही असे स्पष्ट लिहिता येते, पण या भागातील बहुसंख्य नोंदी त्याहून बऱ्याच जुन्या आहेत.

हॉपच्या भट्टीबाबतही हीच दक्षता हवी. ती स्वतंत्रपणे यादीत आहे का, हे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जतन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या राष्ट्रीय यादीत पाहता येईल. ही यादी सर्वांना विनामूल्य खुली आहे. भट्टी तिथे नसली तरी प्रश्न संपत नाही, कारण मुख्य घराच्या आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून असलेली आणि त्या घराला पूरक म्हणून वापरलेली बांधकामे मुख्य घराबरोबर संरक्षित मानली जातात. आवाराची हद्द ठरवताना आजची मालकी पुरत नाही. यादीत नोंद झाली त्या सुमारास जागेची मांडणी, मालकी आणि वापर कसा होता, हे पाहावे लागते. शेतघराच्या बाबतीत हा मुद्दा वादाचा ठरतो, कारण भट्टी घरासाठी होती की शेतीच्या धंद्यासाठी, यावर उत्तर बदलते. कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरचे, म्हणजे जुन्या इमारतींचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे मत लेखी घ्यावे.

आता न विचारलेला प्रश्न. तुम्ही काय करू शकता, यापेक्षा आधीच्या मालकांनी जे केले आहे त्याचे काय करायचे?

परवानगीवाचून लिस्टेड इमारतीच्या वैशिष्ट्याला बाध आणणारा बदल करणे हा इथे फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, अमर्याद दंड किंवा दोन्ही अशी आहे, आणि ‘घर यादीत आहे हे मला ठाऊक नव्हते’ हा बचाव चालत नाही. हा गुन्हा ज्याने काम केले किंवा करवले त्याच्या माथी राहतो. घराबरोबर तो खरेदीदाराकडे येत नाही. मात्र सुधारणेची नोटीस जमिनीबरोबर येते. साध्या नगररचना कायद्यात ठरावीक वर्षे उलटल्यावर अनधिकृत बांधकामावर कारवाई करता येत नाही. लिस्टेड इमारतीच्या बाबतीत अशी मुदतच नाही. वीस वर्षांपूर्वी कोणी बसवलेल्या प्लास्टिकच्या खिडक्या काढून तिथे पूर्वीसारख्या लाकडी खिडक्या बसवा, अशी नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते, आणि खर्च त्यालाच करावा लागतो.

म्हणून व्यवहारापूर्वी तुमच्या सॉलिसिटरकडून दोन गोष्टी मागा. पहिली, यादीत नोंद झाल्याची तारीख आणि त्यानंतर कौन्सिलने दिलेल्या सर्व परवानग्यांची कागदपत्रे, मंजूर नकाशांसह. १९७४ ते १९९८ या काळात इथले नियोजनाचे काम लेम्स्टरसारख्या जिल्हा कौन्सिलांकडे होते, त्यामुळे जुनी कागदपत्रे आजच्या संगणकीय नोंदींत नसतील तर ती मुद्दाम शोधून मागवावी लागतात. दुसरी, खिडक्या आणि गिलावा केव्हा केला याचे विक्रेत्याचे लेखी उत्तर. घर यादीत येण्यापूर्वी झालेल्या कामाला परवानगी लागत नव्हती. नंतर झालेल्या कामाला जवळजवळ निश्चित लागत होती. परवानगी नसल्याचे आढळले की बहुधा एक विमा पुढे केला जातो. तो विमा नोटीस आली तर काही खर्च भरून देतो, पण नोटीस थांबवत नाही, आणि तुम्ही स्वतः कौन्सिलशी त्या कामाबद्दल बोललात तर बहुतेक पॉलिसी निष्प्रभ ठरतात. लिस्टेड घर घेणाऱ्याला तर कौन्सिलशी बोलावेच लागते. माझे स्पष्ट मत असे आहे की अशा विम्यावर विसंबण्यापेक्षा विक्रेत्यानेच व्यवहारापूर्वी झाल्या कामाची परवानगी मागावी किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा, असा आग्रह धरावा. उशिरा मिळालेली परवानगी ते काम तिथून पुढे वैध करते. झालेला गुन्हा ती पुसत नाही, पण तुमच्यापुरते तेवढे पुरेसे आहे.

खिडक्या हा कायद्याचा प्रश्न आहे. गिलावा हा त्याहून गंभीर आहे, कारण तो कायद्याआधी घरालाच गाठतो.

हेरफर्डशायरची माती तांबडी आणि जड आहे, ओक मुबलक होता, आणि चांगला इमारती दगड सगळीकडे हाताशी नव्हता. म्हणून इथे ओकच्या ओल्या, ताज्या कापलेल्या लाकडाचे सांगाडे उभे केले गेले. सांधे खिळ्यांनी न जोडता लाकडी खुंट्यांनी जोडत, आणि कोणता खांब कोणत्या तुळईत जातो हे कळावे म्हणून सुतार सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत. त्या खुणा आजही माळ्यावर दिसतात. सांगाड्याच्या चौकोनी खणांत ओकच्या चिरलेल्या पट्ट्या विणून त्यांवर माती, गवत आणि शेण यांचा लेप देत आणि वरून चुन्याचे हात मारत. कोकणातल्या कारवीच्या कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही भिंत लगेच ओळखू येईल. पुढे पुष्कळ घरांत कुडाच्या जागी विटा आल्या. सारा सांगाडा दगडी जोत्यावर आडव्या टाकलेल्या एका ओकच्या तुळईवर उभा असतो, आणि घराचे आयुष्य त्या सर्वांत खालच्या तुळईवर अवलंबून असते.

अशी भिंत पावसात भिजते आणि वाऱ्याने सुकते. भिजणे टाळता येत नाही, म्हणून सुकणे अडू द्यायचे नाही, एवढ्यावर ही सारी बांधणी उभी आहे. चुना आणि माती ओल बाहेर सोडतात. सिमेंट ती सोडत नाही. त्यातच ओकचा सांगाडा ऋतूंप्रमाणे किंचित हलतो आणि सिमेंटचा ताठ थर हलत नाही, त्यामुळे लाकूड आणि गिलावा यांच्यामध्ये केसासारख्या भेगा पडतात. पाऊस त्या भेगांतून आत जातो, आतून बाहेर यायला वाट नसते, आणि ते पाणी उतरत उतरत खालच्या तुळईवर साचते. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी आपले काम सुरू करते आणि तिच्या मागोमाग लाकूड पोखरणारा ‘डेथवॉच’ भुंगेरा येतो. बाहेरून भिंत गुळगुळीत, पांढरीशुभ्र, नव्यासारखी दिसते. आत तुळईचा भुसा झालेला असतो. सांगाड्यावर जाड काळा डांबरी रंग असेल तर त्याचाही परिणाम तोच. काळे लाकूड आणि पांढरे खण ही या गावांची ओळख झाली असली, तरी ती सजावट मुख्यतः व्हिक्टोरियन काळापासूनची आहे. त्याआधी ओक बहुधा नुसताच राखाडी होऊ देत, किंवा लाकूड आणि खण दोहोंवर सरसकट चुना फासत.

म्हणून पाहणी कोणाकडून करून घ्यायची, हा तुमचा पहिला निर्णय असायला हवा. कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस येतो तो किमतीपुरता. सामान्य सर्व्हेअर ओलावा मोजण्याचे यंत्र भिंतीला टेकवतो, काटा वर जातो, आणि अहवालात भिंतीत रसायन टोचून ओल अडवण्याची शिफारस येते. हे यंत्र लाकडासाठी बनलेले आहे. चुन्याच्या आणि मातीच्या जुन्या भिंतीत क्षार असतात आणि त्यांमुळे त्याचे आकडे फसवतात. टोचलेले रसायन दगडमातीच्या जोत्यात बहुधा निरुपयोगी ठरते. जुन्या इमारतींच्या संवर्धनाची मान्यता असलेला सर्व्हेअर घ्या. चार्टर्ड सर्व्हेअरांच्या संस्थेची तशी वेगळी मान्यता असते. त्याला खालच्या तुळईची तपासणी करायला सांगा, आणि त्यासाठी गिलाव्याचा छोटा तुकडा उघडायचा असेल तर विक्रेत्याची आणि कौन्सिलची संमती आधी मिळवा. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेली ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ ही संस्था जुन्या घरांच्या दुरुस्तीबद्दल दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला देते. तिचा आधार अवश्य घ्या.

तुळई कुजलेली निघाली म्हणून घाबरून व्यवहार सोडण्याचे कारण नाही. कुजलेला भाग तेवढाच काढून त्या जागी ओकचा नवा तुकडा सांधणे, हे इथल्या चांगल्या सुतारांचे नित्याचे काम आहे, आणि तीनशे वर्षांच्या सांगाड्यात अशी ठिगळे असणे स्वाभाविक आहे. घर त्यापूर्वीच्या स्वस्त उपायांनी निम्मे सावरते: पन्हळी मोकळ्या करणे, गळकी कौले बदलणे, आणि वर्षानुवर्षे भर पडून जोत्याच्या वर चढलेली बाहेरची जमीन खाली उतरवणे. सिमेंट काढायचे की नाही, हे मात्र एका वाक्यात ठरवू नये. काही ठिकाणी ते काढताना लाकडाचा पृष्ठभागच त्याबरोबर निघून येतो. एका लहान खणावर प्रयोग करून पाहावा, अधिकाऱ्याला दाखवावा, मग पुढे जावे. जशास तशी दुरुस्ती, म्हणजे त्याच सामग्रीने आणि त्याच पद्धतीने केलेली, बहुधा परवानगीवाचून करता येते; गिलावा बदलणे हे बाह्य रूप बदलणारे काम असल्यामुळे तिथे आधी विचारलेले बरे.

आता तुमच्या इच्छांकडे येतो. स्वयंपाकघर वाढवणे अशक्य नाही. मागच्या बाजूला, मूळ सांगाड्याची तुळई न कापता, असलेल्या दारातूनच जोडलेली एकमजली बैठी वाढ अनेकदा मंजूर होते. मंजूर होत नाही ती मूळ मागची भिंत पाडून सगळे एकसंध मोकळे करण्याची योजना. वाढीसाठी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे लिस्टेड इमारतीत बदल करण्याची परवानगी, लागेलच आणि नगररचना परवानगीही लागू शकेल, आणि अर्जासोबत घराचे महत्त्व कशात आहे व प्रस्तावाने त्याला काय होईल, हे सांगणारे निवेदन द्यावे लागेल. हे निवेदन अर्जदार बहुधा शेवटी घाईने लिहितात. माझ्या मते ते पहिल्यांदा लिहावे, कारण ते नीट लिहिले की नकाशा आपोआप बदलतो. कन्सेंटच्या अर्जाला शुल्क नाही, निर्णयाची ठरलेली मुदत आठ आठवड्यांची आहे, आणि मिळालेली परवानगी साधारणतः तीन वर्षांत काम सुरू न केल्यास संपते. अर्जापूर्वी अधिकाऱ्याशी होणाऱ्या चर्चेसाठी मात्र बहुतेक कौन्सिले पैसे घेतात. ते द्यावेत.

खिडक्यांबाबत वेगवेगळ्या खिडक्यांचे वेगवेगळे उत्तर आहे. पुढच्या अंगाला जुन्या, हातांनी बनवलेल्या काचा असतील, ज्यांतून पाहिल्यावर बाहेरचे झाड किंचित थरथरते, तर त्यांना हात लावू नये. आतून सुटी दुय्यम काच बसवावी. उष्णता आणि आवाज दोन्ही अडतात, आणि ती काढली तर मूळ खिडकी जशीच्या तशी राहते. मागच्या प्लास्टिकच्या खिडक्या काढून तिथे पातळ दुहेरी काचांच्या लाकडी खिडक्या बसवण्याचा प्रस्ताव तुम्ही दिलात, तर तो मान्य होण्याची शक्यता चांगली आहे, कारण त्याने आहे त्यापेक्षा सुधारणाच होते. हिस्टॉरिक इंग्लंडने जुलै २०२४ मध्ये जुन्या इमारतींतील ऊर्जाबचतीबद्दल सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. अर्जात त्याचा आधार घ्यावा. छपराखाली मेंढीच्या लोकरीसारखे ओल सोडणारे आच्छादन घालणे आणि दारेखिडक्यांच्या फटी बुजवणे यांवर पहिला पैसा घालावा. माळ्यावर मात्र आधी वटवाघळे आहेत का, ते पाहावे लागेल. सर्व जातींच्या वटवाघळांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि या परगण्यात ती जुन्या छपरांत, भट्ट्यांत सर्रास सापडतात. त्यांची पाहणी मुख्यतः मे ते ऑगस्ट याच काळात होते. ती राहून गेली तर भट्टीचे काम वर्षभर लांबते.

खर्चाबद्दल एवढेच सांगतो की जुन्या लेखांत वाचलेली व्हॅटची सूट आता नाही. लिस्टेड घरातील मंजूर बदलांवर पूर्वी व्हॅट शून्य होता; १ ऑक्टोबर २०१२ पासून तो पूर्ण दराने, म्हणजे वीस टक्के, लागतो. दुरुस्तीवर तो आधीपासूनच होता. खासगी राहत्या घरांना सरकारी अनुदान सहसा मिळत नाही. घराचा विमा बाजारभावावर न काढता, जळाल्यास ओक आणि चुन्यानेच पुन्हा उभारण्याच्या खर्चावर काढा. हा आकडा खरेदीच्या किमतीहून पुष्कळ मोठा असू शकतो.

तुमचा व्यवहार शरद ऋतूत पूर्ण होईल असे तुम्ही लिहिले आहे. तसे झाले तर पहिल्या हिवाळ्यात पन्हळी, कौले आणि बाहेरची जमीन यांपलीकडे जाऊ नका. ओला चुना दंव पडले की फुटतो, म्हणून चुन्याचे बाहेरचे काम इथे साधारण एप्रिल ते सप्टेंबर याच काळात करतात, आणि चांगले कारागीर त्या महिन्यांसाठी बरेच आधी ठरलेले असतात. हिवाळ्यात घरात राहून पाऊस कुठून येतो, कोणती भिंत उशिरा सुकते, कोणत्या खोलीत खिडकी उघडल्यावर ओल कमी होते, याची नोंद ठेवा. अर्जपूर्व चर्चा जानेवारीत आणि अर्ज फेब्रुवारीत केलात, तर निर्णय हाती येईल तेव्हा चुन्याचा हंगाम सुरू झालेला असेल आणि वटवाघळांच्या पाहणीचा सुरू व्हायचा असेल.